चिवड्याच्या पाकिटांवरून शिका: सरासरी, प्रमाण विचलन आणि प्रसामान्य वितरण

पाकिटावर ‘निव्वळ वजन ५०० ग्रॅम’ छापलेलं असतं, पण आतला चिवडा कधी ४९६ ग्रॅम भरतो, कधी ५०८. यंत्र बिघडलंय असं नाही. भरणीचं काम असंच चालतं. पाहायचं असतं ते एवढंच: हा कमीजास्तपणा किती आहे, तो कायद्याच्या मर्यादेत बसतो का, आणि त्यापायी महिन्याला किती माल फुकट जातो. त्यासाठी लागणारं संख्याशास्त्र दहावीच्या गणिताच्या फार पुढे जात नाही. बचत गटाच्या छोट्या पॅकिंग युनिटमध्येही ते एका दुपारीत करता येतं.

इथलं उदाहरण अर्धस्वयंचलित भरणी यंत्राचं आहे. वर हॉपर, म्हणजे माल ओतायचं भांडं, त्याखाली थरथरणारी पन्हळ, त्याखाली वजनाचं पारडं. ठरवलेलं वजन आलं की झडप पडते आणि माल पाकिटात उतरतो. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत. तुमचे वेगळे येतील, पद्धत हीच राहील.

आधी वजन नीट घ्या

पुढच्या हिशेबातल्या निम्म्या चुका इथेच होतात, म्हणून या पायरीला वेळ द्या.

किमान १ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. ५ ग्रॅमच्या टप्प्याने दाखवणाऱ्या काट्यावर ४९५, ५००, ५०५ असे चारपाचच वेगळे आकडे उमटतात आणि वजनं कशी पसरली आहेत ते कळत नाही. सुरू करण्याआधी शिक्का असलेलं ५०० ग्रॅमचं वजन ठेवून पाहा, आणि काम संपल्यावर पुन्हा ठेवा. दोन्ही वेळी आकडा सारखा आला नाही तर मधली सगळी मापं टाकून द्या. पंख्याखाली काटा ठेवू नका.

भरलेल्या पाकिटातून रिकाम्या पाकिटाचं वजन वजा करायचं असतं. एकच रिकामं पाकीट तोलू नका. काट्याला तेवढं हलकं वजन नेमकं कळत नाही. २० पाकिटं एकत्र तोला आणि २० ने भागा. १२४ ग्रॅम भरले तर एक पाकीट ६.२ ग्रॅमचं. ही वजाबाकी विसरली तर सरासरी सरळ ६.२ ग्रॅमने फुगते. प्रमाण विचलनावर मात्र काही परिणाम होत नाही, त्यामुळे कागदावर सगळं ठाकठीक दिसतं. ही चूक म्हणूनच उशिरा सापडते.

पाकिटं सलग उचलू नका. सकाळी पहिली पन्नास पाकिटं तोलली तर हॉपर काठोकाठ भरलेला असतानाची स्थिती तेवढी कळेल. हॉपर रिकामा होत येतो तेव्हा तळाशी शेंगदाणे, डाळं आणि चुरा साठतो आणि पन्हळीतून माल वेगळ्या चालीने सरकतो. दिवसभरात दहा वेळा, दर वेळी पाच पाकिटं उचला. प्रत्येक वजनापुढे वेळ लिहा, आणि कोणाच्या पाळीत भरलं तेही.

सरासरी

हाताने करून बघायला दहा पाकिटं पुरेत. निव्वळ वजनं ग्रॅममध्ये:

५०३, ४९८, ५०६, ५०१, ४९५, ५०९, ५०२, ५००, ५०४, ५०२

तीन आकडी संख्यांची बेरीज करत बसण्याची गरज नाही. दहावीला शिकलेली गृहीतमध्याची युक्ती इथे कामी येते. प्रत्येकातून ५०० वजा करा: ३, −२, ६, १, −५, ९, २, ०, ४, २. बेरीज २०, भागिले १० म्हणजे २. सरासरी ५०० + २ = ५०२ ग्रॅम. पाठ्यपुस्तकात हिलाच मध्य म्हणतात.

सरासरीत एक खोट आहे: एक चुकीचा आकडा तिला कुठल्या कुठे नेतो. ५०२ लिहिताना दशांशचिन्ह सरकून ५०.२ पडलं, तर या दहा पाकिटांची सरासरी ४५६.८ होते. चढत्या क्रमाने लावून मधली किंमत काढली, म्हणजे मध्यक घेतला, तर तो ५०२ वरून जेमतेम ५०१.५ वर येतो. म्हणून दोन्ही काढायची सवय ठेवा. दोघांत मोठी तफावत दिसली की पुढे जाऊ नका, वही उघडून आकडे तपासा.

प्रमाण विचलन

एका यंत्राची सगळी पाकिटं ५०० ते ५०४ मध्ये, दुसऱ्याची ४८० ते ५२४ मध्ये. सरासरी दोघांचीही ५०२ असू शकते. दुसऱ्या यंत्राच्या मालकाला तक्रारी येणार, आणि सरासरीकडे बघून त्याला त्या का येतात ते समजणार नाही. पसारा मोजायला वेगळा आकडा लागतो.

१. प्रत्येक वजनातून सरासरी वजा करा: १, −४, ४, −१, −७, ७, ०, −२, २, ०. या विचलनांची बेरीज शून्यच यायला हवी. आली नाही तर सरासरी चुकली आहे. ही फुकटची पडताळणी कधी सोडू नका.

२. प्रत्येकाचा वर्ग करा: १, १६, १६, १, ४९, ४९, ०, ४, ४, ०. बेरीज १४०.

३. १० ने नव्हे, ९ ने भागा: १४० ÷ ९ = १५.५६. याला विचरण म्हणतात. याचं एकक ‘वर्ग ग्रॅम’ असतं, त्यामुळे त्याची कल्पना करत बसण्यात अर्थ नाही.

४. वर्गमूळ घ्या: ३.९४ ग्रॅम. हे प्रमाण विचलन. एक पाकीट सरासरीपासून साधारण किती लांब पडतं, याचं हे माप ग्रॅममध्येच मिळतं.

९ ने का भागायचं, इथे नवखे अडतात. आपण विचलनं मोजली ती याच दहा पाकिटांच्या सरासरीपासून. यंत्राची खरी सरासरी आपल्याला ठाऊक नाही, आणि स्वतःच्या सरासरीला प्रत्येक नमुना खऱ्यापेक्षा जरा जास्तच चिकटून असतो. शिवाय विचलनांची बेरीज शून्य असल्यामुळे नऊ विचलनं कळली की दहावं आपोआप ठरतं. स्वतंत्र माहिती नऊचीच असते. १० ने भागलं तर ३.७४ येतं, म्हणजे पसारा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. ५० पाकिटांवर हा फरक नगण्य होतो.

एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये या कामाची दोन सूत्रं दिसतात, एकाच्या शेवटी ‘एस’ आणि दुसऱ्याच्या शेवटी ‘पी’. ‘एस’ नमुन्यासाठी, म्हणजे ९ ने भागणारं. ‘पी’ वापरायचं ते सगळीच्या सगळी पाकिटं तोललेली असतील तेव्हा. पॅकिंगच्या कामात ती वेळ जवळपास येत नाही. आणि तो ५०.२ वाला चुकीचा आकडा इथे राहिला, तर प्रमाण विचलन ३.९४ चं थेट १४२.९ होतं. वर्ग केल्यामुळे लांबच्या आकड्याचा आवाज असा मोठा होतो.

दहा पाकिटांवर किती विसंबायचं

फारसं नाही. सरासरीतली अनिश्चितता मोजायला प्रमाण विचलनाला पाकिटांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा: ३.९४ ÷ ३.१६ = १.२५ ग्रॅम. याला प्रमाण त्रुटी म्हणतात. ९५ टक्के खात्रीने खरी सरासरी कुठे असेल ते सांगायला तिला एरवी साधारण २ ने गुणतात. नमुना लहान असेल तर २ ऐवजी जरा मोठ्या संख्येने गुणावं लागतं. दहा पाकिटांसाठी ती २.२६. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने लहान नमुन्यांचा हा प्रश्न सोडवून १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापला. त्या संख्या ज्या कोष्टकात असतात, ते आजही त्याच नावाने ओळखलं जातं. प्रश्न कारखान्यातलाच होता, आपल्यासारखाच.

१.२५ × २.२६ म्हणजे सुमारे २.८. यंत्राची खरी सरासरी ४९९.२ ते ५०४.८ यांमध्ये कुठेही असू शकते, हे ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. म्हणजे ‘आमची सरासरी ५०० च्या वर आहे’ एवढंसुद्धा दहा पाकिटांच्या जोरावर ठामपणे सांगता येत नाही. प्रमाण विचलनाची गत याहून वाईट: दहा पाकिटांवरून काढलेल्या ३.९४ मागे खरा आकडा २.७ पासून ७.२ पर्यंत काहीही दडलेला असू शकतो. ५० पाकिटं घेतली की सरासरीचा घोळ सुमारे १.१ ग्रॅमवर येतो. यापुढे तो अर्धा करायला चौपट पाकिटं लागतात, म्हणून रोजच्या कामाला पन्नास हा सोयीचा आकडा.

आता आयतालेख काढा

चित्र काढण्याआधी प्रसामान्य वितरणाचं नावही काढू नका. ५० वजनं ३ ग्रॅमच्या वर्गांत टाका:

४९२–४९४: १ पाकीट
४९५–४९७: ६
४९८–५००: ११
५०१–५०३: १४
५०४–५०६: ११
५०७–५०९: ५
५१०–५१२: २

आलेख कागदावर उभे आयत काढा. मध्ये उंच, दोन्हीकडे सारखा उतार, घंटेसारखा आकार दिसतो. या पन्नासांची सरासरी ५०२.१ आणि प्रमाण विचलन ४.१. पुढे हिशेब सोपा राहावा म्हणून ५०२ आणि ४ धरू.

हा आकार का येतो? एकेका पाकिटाच्या वजनावर अनेक छोट्या गोष्टींचा परिणाम होतो: पन्हळीची थरथर, हॉपरमधल्या मालाची उंची, झडप पडताना हवेत असलेले चार दाणे, पोह्यांचा एखादा चिकटलेला गठ्ठा. कुठलीही एक गोष्ट वरचढ नाही, आणि एकीचा दुसरीशी फारसा संबंध नाही. अशा पुष्कळ छोट्या, स्वतंत्र परिणामांची बेरीज झाली की घंटाकार वक्र तयार होतो. अशा पसरणीलाच प्रसामान्य वितरण म्हणतात. फ्रेंच गणिती अब्राहम द म्वाव्हरने १७३३ मध्ये नाणेफेकीच्या हिशेबात तो वक्र मांडला होता. पुढे तो जर्मन गणिती गाऊसच्या नावाने जास्त ओळखला गेला.

आकार घंटेसारखा नसेल तर त्यातूनही बरंच कळतं, बहुतेक वेळा सरासरीपेक्षा जास्त.

दोन उंचवटे दिसले तर दोन वेगळे माल एकत्र आले आहेत: दोन यंत्रं, दोन पाळ्या, किंवा दुपारी कोणी सेटिंग बदललं. वेळ लिहून ठेवली होती ती इथे उपयोगी पडते. गट वेगळे करून प्रत्येकाचा आलेख स्वतंत्र काढा.

डावी बाजू ५०० जवळ कापल्यासारखी आणि उजवीकडे लांब शेपूट असेल, तर कमी भरलेल्या पाकिटात कोणीतरी मूठभर चिवडा टाकून ते ५०० वर नेतंय, आणि जास्त भरलेलं तसंच सोडतंय. हेतू चांगला, पण माल उजव्या बाजूने गळतो आणि यंत्राचा खरा पसारा झाकला जातो. मापं घ्यायच्या दिवशी ही भर थांबवा. तोलून झाल्यावर काय टाकायचं ते टाका.

एखादं पाकीट बाकीच्यांपासून फार लांब पडलं तर ते आकडेवारीतून गुपचूप खोडू नका. पुन्हा तोला. लिहिण्यात चूक असेल तर दुरुस्त करा. वजन खरंच तेवढं असेल, तर ती यंत्राची खोडी आहे आणि तीच शोधायची आहे.

काही गोष्टी मुळातच या साच्यात बसत नाहीत. सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रोजच्या पावसाला घंटाकार वक्र लावला तर असा दिवस कधी येणारच नाही असं उत्तर मिळेल, आणि शून्याखालचा पाऊसही निघेल. एक चटकन करायची चाचणी अशी: जी राशी ऋण होऊच शकत नाही, तिच्या सरासरीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करा. उत्तर शून्याखाली गेलं तर हा वक्र तिथे वापरू नका. पगार, पाऊस, दुकानातली उधारी या चाचणीत अनेकदा नापास होतात. आपल्या पाकिटांचं ५०२ − ८ = ४९४, तेव्हा इथे अडचण नाही.

वक्र कामाला लावा

वितरण प्रसामान्य असेल तर दोनच आकड्यांवरून सगळं सांगता येतं. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक प्रमाण विचलन, म्हणजे ४९८ ते ५०६ मध्ये सुमारे ६८ टक्के पाकिटं. दोन प्रमाण विचलनं, ४९४ ते ५१०, यांत ९५ टक्क्यांच्या थोडी वर. तीन, म्हणजे ४९० ते ५१४, यांत ९९.७ टक्के. वरच्या आयतालेखात मधल्या तीन वर्गांत ५० पैकी ३६ पाकिटं आहेत, ७२ टक्के. पन्नासाच्या नमुन्यात एवढा फरक पडतोच.

कुठल्याही मर्यादेसाठी झेड काढा: मर्यादेतून सरासरी वजा करा आणि प्रमाण विचलनाने भागा. मर्यादा सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर आहे, ते झेड सांगतो. मग कोष्टकातून टक्केवारी. झेड जितका, त्याच्या पलीकडे एका बाजूला उरणारी पाकिटं अशी:

०.५ : ३०.९ टक्के
१ : १५.९ टक्के
१.५ : ६.७ टक्के
२ : २.३ टक्के
२.५ : ०.६ टक्के
३ : ०.१३ टक्के

५०० पेक्षा कमी किती? (५०० − ५०२) ÷ ४ = −०.५. जवळपास ३१ टक्के. सरासरी छापील वजनाच्या वर असूनही दर दहांतली तीन पाकिटं कमी भरतात. हा आकडा पाहून बऱ्याच जणांना घाम फुटतो, पण लगेच घाबरू नका. पॅकबंद मालासाठीच्या वैध मापनाच्या २०११ च्या नियमांत सरासरी छापील वजनाइतकी भरली पाहिजे ही अपेक्षा आहे, आणि एकेका पाकिटाला त्रुटीची मर्यादा वेगळी दिलेली आहे. ५०० ग्रॅमला ती ३ टक्के, म्हणजे १५ ग्रॅम. ४८५ साठी झेड येतो −४.२५, म्हणजे लाखात एखादं पाकीट. इतक्या टोकाच्या आकड्यांवर मात्र अक्षरशः विश्वास ठेवू नका. वक्र मध्यभागी चांगला बसतो, टोकाला खऱ्या यंत्रात अडकलेली झडप आणि फाटलेलं पाकीटही असतं.

शीट्समध्ये ‘नॉर्म डिस्ट’ सूत्रात क्रमाने मर्यादा, सरासरी, प्रमाण विचलन आणि शेवटी ‘ट्रू’ द्यायचं. शेवटी ‘फॉल्स’ पडलं तर टक्केवारीऐवजी वक्राची उंची मिळते. ४९५ साठी ‘ट्रू’ ०.०४० देतं, म्हणजे ४ टक्के, ‘फॉल्स’ ०.०२२ देतं. दोन्ही आकडे खरे वाटण्याजोगे, म्हणून ही चूक सहज पचते.

सेटिंग कुठे ठेवायचं

समजा तुम्ही घरचा नियम केला: ४९५ च्या खाली शंभरात एकापेक्षा जास्त पाकीट नको. १ टक्क्यासाठी झेड २.३३. म्हणजे सरासरी हवी ४९५ + २.३३ × ४ = ५०४.३ ग्रॅम. आताच्या ५०२ वरून सेटिंग वर न्यावं लागेल.

दुसरा रस्ता प्रमाण विचलन ४ वरून ३ वर आणण्याचा. मग सरासरी लागते ४९५ + २.३३ × ३ = ५०२. नियम तोच, पण दर पाकिटामागे २.३ ग्रॅम माल वाचला. रोज १००० पाकिटं आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर सुमारे ६० किलो चिवडा. किलोला २५० रुपये धरले तरी महिन्याला १५ हजार. सेटिंगचं बटण फिरवायला काही लागत नाही, म्हणून सगळे तेच फिरवतात, आणि हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही.

पसारा कमी करायला बहुतेक वेळा नवं यंत्र लागत नाही. हॉपर निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका. शेवटचे २०–३० ग्रॅम हळू पडतील अशी दोन वेगांची सोय यंत्रात असेल तर ती चालू करा. झडप पडताना हवेत असलेला माल कमी होतो. चिवड्यातले गठ्ठे हॉपरमध्ये जाण्याआधी हाताने फोडा. एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा ५० पाकिटं तोला. दोन बदल एकत्र केले तर कशाने काय झालं ते कळणार नाही. आणि ४ चं ३.८ झालं म्हणून पेढे वाटू नका. पन्नासाच्या नमुन्यात एवढा फरक काही न करताही दिसतो.

भिंतीवरचा तक्ता

एकदा बसवलेली सरासरी तिथेच टिकत नाही. अमेरिकेत वॉल्टर श्यूहार्टने १९२४ मध्ये सुचवलेला नियंत्रण तक्ता यासाठीच आहे. आलेख कागदावर ५०२ ला मधली रेघ काढा. दर तासाला पाच पाकिटं तोलायची आणि त्या पाचांच्या सरासरीचा एक ठिपका द्यायचा. पाचांची सरासरी एकेका पाकिटापेक्षा कमी हलते, म्हणून मर्यादा ३ × ४ ÷ √५, म्हणजे ५.४ ग्रॅमवर. वरची रेघ ५०७.४, खालची ४९६.६. एकेका पाकिटाची ४९० ते ५१४ ही मर्यादा इथे आखली तर तक्ता कधी ओरडणारच नाही. ही चूक सर्रास होते.

सगळं ठीक असताना ठिपका रेघेबाहेर जायची शक्यता सुमारे ३७० त एक. दिवसाला आठ ठिपके दिले तर कामाच्या सुमारे ४६ दिवसांतून एकदा खोटी घंटा वाजेल, तेवढी सोसावी. सरासरी दोनएक ग्रॅमने हळूच घसरली तर मात्र बहुतेक ठिपके रेघांच्या आतच राहतात. त्यासाठी दुसरा नियम: सलग आठ ठिपके मधल्या रेघेच्या एकाच बाजूला आले तरी थांबा.

थांबल्यावर आधी सेटिंगला हात लावू नका. शिक्क्याचं वजन ठेवून काटा बघा. मग रिकाम्या पाकिटांचा नवा गठ्ठा सुरू झाला का ते बघा, कारण जाडी बदलली की वजाबाकी बदलते. मग हॉपरची पातळी, मग चिवड्याचा घाणा बदलला का ते. यांतलं काहीच सापडलं नाही तर सेटिंग फिरवा, आणि किती वाजता, किती ग्रॅमने फिरवलं ते त्याच तक्त्यावर ठिपक्याशेजारी लिहा.